जुन्या पुण्याच्या पेठा: वाचकांचे प्रश्न

कसबा, शनिवार, बुधवार, सोमवार या पेठा कशा पाहाव्यात, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

आम्ही दोन दिवसांसाठी पुण्यात येत आहोत. सोबत सत्तरीचे आईबाबा आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. शनिवारवाडा, लालमहाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तुळशीबाग, केळकर संग्रहालय, केसरीवाडा आणि पर्वती हे सगळे एका दिवसात बसेल का?
— नागपूर

बसवता येईल, पण मग आईबाबांच्या लक्षात फक्त रिक्षा राहतील. पर्वती त्या दिवसातून काढाच. तिथे शंभरावर पायऱ्या आहेत आणि ती पेठांच्या बाहेर आहे. केसरीवाडा नारायण पेठेत, म्हणजे या वाटेपासून बाजूला पडतो. तो दुसऱ्या दिवशी घ्या.

उरलेल्या दिवसाचे दोन भाग करा. सकाळ कसब्याला आणि दुपार संग्रहालयाला. सकाळी साडेसातच्या सुमारास मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा. स्थानक भुयारी आहे आणि लिफ्ट आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांना त्रास होत नाही. वर आलात की तुम्ही फडके हौद चौकाच्या आसपास असता. तिथून आधी कसबा गणपतीला जा. हे पुण्याचे ग्रामदैवत. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या उजाड झालेल्या गावात जिजाबाई आणि बाल शिवाजी राहायला आले, तेव्हा जिजाबाईंनी हे देऊळ बांधवले. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याच गणपतीचा असतो. सकाळी आठच्या आत गेलात तर गर्दी नसते आणि सभामंडपाचे लाकडी खांब निवांत पाहता येतात.

देवळातून बाहेर पडल्यावर शनिवारवाड्याकडे लगेच धावू नका. आधी कसब्याच्या आळ्यांतून अर्धा तास फिरा. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, फणी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही नावे म्हणजे त्या काळचे धंद्यांचे वाटप आहे. मुलीला आधी ही नावे सांगा आणि कुठल्या आळीत आजही तो धंदा चालतो, हे तिलाच शोधू द्या. तांबट आळीत उत्तर कानानेच मिळते. बुरूड आळीत सुपे, टोपल्या, बांबूच्या चटया दारात मांडलेल्या दिसतात. काही आळ्यांत मात्र पाटीवरच्या नावापलीकडे काही उरलेले नाही.

मग लालमहाल आणि शनिवारवाडा. साडेअकराच्या आत हे आटोपले पाहिजे, कारण वाड्यात सावली कमी आहे. जेवण, थोडी विश्रांती आणि तीनच्या सुमारास रिक्षाने बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. हे कवी ‘अज्ञातवासी’ ऊर्फ डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभे केले. संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे आणि त्यातला थोडा भागच मांडलेला असतो. मजले चढावे लागतात, म्हणून आईबाबांना विचारून एक-दोन दालनेच निवडा. अडकित्ते, दिवे, वज्री, तांब्या-पितळेची भांडी, दरवाजे आणि कोथरूडहून आणून पुन्हा जुळवलेला मस्तानी महाल. मुलांना ‘मोराच्या आकाराच्या पाच वस्तू शोध’ असे काम दिले की ती आपल्यापेक्षा बारकाईने पाहतात.

तुळशीबाग आणि दगडूशेठ संध्याकाळी जमले तर बघा. नाही जमले तरी दिवस वाया गेला असे समजू नका.

शनिवारवाड्यात आत काही नाही, नुसती बाग आणि जोती आहेत, असे सगळे सांगतात. मग तिकीट काढून आत जाण्यात अर्थ आहे का?
— सोलापूर

अर्थ आहे, पण वाडा कुठून आणि कसा पाहायचा ते आधी ठरवायला हवे. आत शिरून सरळ बागेत गेले की खरोखरच काही दिसत नाही. या वास्तूची बुद्धी तिच्या दरवाजात आणि तटात आहे.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा हा मुख्य. त्याच्यासमोर उभे राहून आधी दाराच्या फळ्या पाहा. हत्तीने कपाळ लावून दार फोडू नये म्हणून त्यावर हत्तीच्या डोक्याच्या उंचीला लांब टोकदार खिळे आहेत. एका फळीत छोटी दिंडी, म्हणजे लहान दार, आहे. रोजची ये-जा तिच्यातून व्हायची आणि माणसाला वाकूनच आत यावे लागे. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, ती उजवीकडे वळते आणि मग डावीकडे. मोठे दार फुटलेच तर घुसणाऱ्या फौजेचा वेग या वळणांवर मोडावा आणि वरून मारा करता यावा, अशी ती रचना आहे. देवडीच्या भिंतींवर गणपती आणि शेषशायी विष्णूच्या जुन्या चित्रांचे पुसट अवशेष आहेत. उन्हातून आलेल्या डोळ्यांना ते लगेच दिसत नाहीत. दोन मिनिटे थांबा.

त्यानंतर बागेत न जाता जिन्याने नगारखान्यात चढा. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी हा भाग सोडावा. नगारखान्याचे लाकडी खांब आणि कमानी शाबूत आहेत. आत जळून गेलेले वाडे कशा घडणीचे असतील, याचा अंदाज इथेच येतो. तिथून तटावर फिरता येते. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे, हे तिथून स्पष्ट दिसते. एकूण बुरूज नऊ. दरवाजे पाच: दिल्ली, मस्तानी (यालाच अलीबहादूर दरवाजा म्हणतात), खिडकी, गणेश आणि नारायण किंवा जांभूळ दरवाजा. गणेश दरवाजातून वाड्यातल्या स्त्रिया कसबा गणपतीच्या दर्शनाला जात. १७७३च्या ३० ऑगस्टला अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा याच वाड्यात खून झाला. त्यांचा देह ज्या दाराने बाहेर नेला, त्याला पुढे त्यांचे नाव मिळाले.

आता खाली उतरून जोती पाहा. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग आठवडाभर धुमसत राहिली आणि लाकडी इमारती गेल्या. पुढे १९१९मध्ये वाडा संरक्षित स्मारक झाला. जोत्यांवर ओळीने दगडी तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, आणि त्यांच्या खाचा दिसतील. प्रत्येक खाच म्हणजे एक खांब. दोन तळखड्यांमधले अंतर पावलांनी मोजा, चौकाचा आकार मनात उभा राहतो. सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी बांधलेले. त्याच्या कडेने पाण्याच्या वाटा शोधा.

पूर्ण फेरीला दीड तास धरा. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. साधा फोटो काढायला हरकत नसते, पण तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ ऐकू येते का, असेही दोन पत्रांत विचारले आहे. रात्री वाडा बंद असतो, आणि एका कोवळ्या मुलाच्या खुनाची करमणूक करू नये असे आम्हाला मनापासून वाटते.

लालमहाल शिवाजी महाराजांच्या काळातलाच आहे का? शाहिस्तेखानाची बोटे जिथे तुटली ती खिडकी दाखवतात का?
— सहावीचा विद्यार्थी, बारामती

नाही. मूळ लालमहाल केव्हाच नाहीसा झाला. आज दिसतो तो पुणे महानगरपालिकेने १९८४ ते १९८८ या काळात बांधला. तो मूळ वाड्यापेक्षा लहान आहे, आणि मूळ वाड्याचा नकाशा हाती नसल्यामुळे ती त्याची हुबेहूब प्रतिकृतीही नाही. ५ एप्रिल १६६३च्या रात्रीचा छापा मात्र खरा आणि तो याच परिसरात झाला. म्हणून खिडकी शोधण्यापेक्षा कसब्यातल्या गल्ल्या चालून पाहा. एवढ्या अरुंद वाटांनी, खानाच्या फौजेचा वेढा असताना, मूठभर माणसे आत शिरून बाहेर कशी पडली असतील, याचा विचार तिथे जास्त चांगला करता येतो.

पेठांमध्ये जुने वाडे दिसतात, पण आम्हाला सगळे सारखेच वाटतात. वाडा पाहताना नेमके काय पाहायचे? आत जाता येते का?
— वास्तुकलेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बहुतेक वाड्यांत आजही कुटुंबे राहतात. दार उघडे आहे म्हणजे आत यायची मुभा आहे असे नव्हे. देवडीत थांबा, हाक मारा, कशासाठी आलात ते सांगा. चौकापर्यंत बोलावले तर चौकापर्यंतच जा. वाळत घातलेले कपडे, देवघर, माणसे यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सार्वजनिक आणि पाहण्यासारखे म्हणाल तर बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा आणि शनिवारवाड्याजवळचा नानावाडा. दोन्ही दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

आता वाडा कसा वाचायचा. रस्त्यावरून पाहताना खालून वर जा. सर्वांत खाली काळ्या दगडाचे जोते. ते किती उंच आहे यावरून मालकाची ऐपत कळते आणि पावसाळ्यात रस्त्याचे पाणी कुठवर येई तेही कळते. कितीतरी ठिकाणी डांबराचे थर चढून चढून रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला आहे. त्यामुळे ओल थेट लाकडापर्यंत पोचते आणि वाडा तळापासून खचायला लागतो.

जोत्यावर भिंत उभी दिसते, पण भार भिंतीवर नसतो. वाड्याचा खरा सांगाडा लाकडाचा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर हस्त (तुळई पेलणारे लाकडी आधार), हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या (आडवी बारीक लाकडे) आणि त्यांवर फळ्या. या छताला कडीपाट म्हणतात. भिंत म्हणजे मधली भर, भाजलेल्या किंवा कच्च्या विटांची. म्हणून भिंत पडूनही माडी उभी राहिलेली दिसते, आणि म्हणूनच एक खांब कुजला तर भिंत धड असूनही माडी खाली येते. दोन खांबांमधला भाग म्हणजे एक खण. पूर्वी घर चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगत.

दारातून आत देवडी, मग चौक, चौकाभोवती पडवी किंवा सोपा, पलीकडे माजघर आणि मागे स्वयंपाकघर, विहीर, परसू. मोठ्या वाड्याला दोन-तीन चौक. बाहेरचा कचेरीचा आणि आतला घरच्यांचा. चौक उजेडासाठी आहेच, पण हवेसाठीही आहे. चौकातली तापलेली हवा वर जाते आणि देवडीतून गार हवा आत ओढली जाते. भर उन्हाळ्यात देवडीत उभे राहिलात की हे अंगाला जाणवते.

खांबांची घडण नीट पाहा. खाली जाड, वर निमुळता होत जाणारा तो सुरूचा खांब. त्याच्या माथ्याशी केळफुलासारखे कोरीवकाम असते. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात आणि दिवाणखान्यात ही घडण मनसोक्त पाहायला मिळते. हा वाडा दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. पेशवाई बुडाल्यावर १८२१मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९च्या आगीत बुधवारवाडा साफ गेला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला.

तुम्ही वास्तुकलेच्या विद्यार्थिनी आहात म्हणून दुरुस्तीतल्या एका चुकीबद्दल लिहितो. चुन्याचा गिलावा पडला की त्या जागी सिमेंटचा गिलावा करतात. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरते. कोंडलेली ओल भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाशी साठते, तिथे बुरशी आणि वाळवी लागते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून तुळईचे टोक भुसभुशीत होते. वाडा पाहताना सिमेंटच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरी खार फुटली आहे का, ते बघा. ओल कुठवर चढली आहे ते तीच सांगते. त्यातून १९४७च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना आणि मालकांनी हात आखडले. पेठांतले वाडे पडण्यामागे पावसाइतकाच या हिशोबाचाही वाटा आहे.

तांबट आळीतून तांब्याचा हंडा किंवा पातेले घ्यायचे आहे. हाताने घडवलेले भांडे कसे ओळखावे? कल्हई लागते का?
— ठाणे

हाताने घडवलेल्या भांड्यावर मठाराचे ठसे असतात, म्हणजे हातोडीचे छोटे छोटे पैलू. हे निव्वळ नक्षीकाम नाही. तांबे तापवून गार केले की नरम पडते. नरम पत्र्याला आकार देतात आणि मग गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोकत जातात. ठोकल्याने धातू घट्ट होतो आणि भांड्याला सहज पोचे पडत नाहीत. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यावरही हल्ली ठसे उमटवतात. फरक असा ओळखावा: खऱ्या मठारात ठशांच्या रांगा बुडापासून गोल फिरत वर येतात, पण प्रत्येक ठसा किंचित वेगळा असतो. आतून हात फिरवला की सौम्य चढउतार लागतात. साच्यातले ठसे सगळे एकाच मापाचे असतात.

भांडे वजनावर विकतात. दोन सारख्या आकाराची भांडी हातात घेऊन तोला, जड ते निवडा. बूड दाबून पाहा. पातळ बूड ‘टक’ असा आवाज करून आत जाते, असे भांडे चुलीवर लवकर वाकडे होते. जोड असेल तर तो कुठे आहे ते विचारा आणि त्या जागी पाणी भरून झिरपते का ते तिथेच बघा. घासाघीस करण्याआधी एक भांडे घडायला किती वेळ लागतो, ते पाच मिनिटे उभे राहून पाहा.

कल्हईचे उत्तर वापरावर अवलंबून आहे. नुसते पाणी साठवायचे तर कल्हई लागत नाही, मात्र भांडे रोज रिकामे करून घासायला हवे. स्वयंपाक करायचा असेल, विशेषतः आमटी, कढी, ताक, टोमॅटो, चिंच, कोकम असे काही आंबट, तर कल्हई हवीच. आंबट पदार्थ तांबे खातो आणि कळकतो. कळकलेले ताक हिरवट दिसते आणि पोटात मळमळ करते, ते टाकूनच द्यावे.

कल्हई करताना भांडे आधी लख्ख घासतात, विस्तवावर तापवतात, नवसागराची पूड टाकतात आणि कथील लावून कापसाने किंवा कापडाने आतून फिरवतात. नवसागराने धातूवरचा मळ निघतो आणि कथील चिकटते. जिथे मळ राहिला तिथे कथील धरत नाही, म्हणून नव्या कल्हईत काळे ठिपके दिसले तर भांडे तिथेच परत द्या. घरी वापरताना दोन गोष्टी सांभाळा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नका. आणि आतून तारेच्या घासणीने घासू नका. तांब्याचा लाल रंग आतून दिसू लागला की पुन्हा कल्हई करायची वेळ झाली. बाहेरून मात्र लिंबू-मीठ किंवा चिंच लावून घासले की झाले, लगेच धुऊन कोरडे पुसा.

पुण्याच्या देवांना अशी नावे का? आणि पेठांना वारांची नावे कधी पडली?
— बेळगाव

देवांची नावे पत्त्याची गरज म्हणून पडली. पेठेत मारुती अनेक, तेव्हा कुठला मारुती हे सांगायला शेजारी काय आहे ते जोडले गेले. हलवायाच्या दुकानाजवळचा जिलब्या मारुती. ज्याच्या आसपास पासोड्या विकत, तो पासोड्या विठोबा. निवडुंगाच्या जाळीत सापडला तो निवडुंग्या विठोबा. सोन्या मारुती चौक, पत्र्या मारुती, माती गणपती, गुपचूप गणपती, उपाशी विठोबा ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. प्रत्येक नावामागे लोक एकाहून अधिक कथा सांगतात, त्या ऐकाव्यात. एकच खरी असे धरून बसू नये.

पेठांची जुनी नावे वेगळी होती: शनिवारचे मुर्तझाबाद, रविवारचे मलकापूर, सोमवारचे शहापूर, बुधवारचे मोहियाबाद. वारांची नावे पेशवाईत रुळली. वारांच्या पलीकडच्या काही पेठा माणसांच्या नावाने आहेत: सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या, नारायण पेठ नारायणरावांच्या, नाना पेठ नाना फडणवीसांच्या नावाने. कसब्याचे नाव मात्र वार किंवा माणूस यांच्यावरून नाही. कसबा म्हणजे मूळ वस्तीचे गाव. बाकी शहर त्याच्याभोवती वाढले.

काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद, पंचहौद... एवढे हौद कशाला होते? आज काही पाहता येते का?
— निवृत्त पाटबंधारे कर्मचारी, सांगली

तुमच्या खात्याचाच विषय. नदी जवळ असूनही पेठा वाढल्या तसे पाणी कमी पडू लागले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत दगडी बांधणीचे भुयारी नळ आणले. अंतर सुमारे दहा किलोमीटर. पंप नाही, सगळा खेळ उताराचा. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास उभे केले. हे चुनेगच्ची मनोरे नळात कोंडलेली हवा बाहेर सोडतात. हवा कोंडली तर पाण्याचा प्रवाह अडतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या तळाशी गाळही बसे, आणि आत उतरून सफाई करता येई. पेठेत पोचलेले पाणी हौदांत पडे आणि लोक तिथून भरत. चौकांची नावे हौदांवरून पडली, कारण दिवसभर माणसे तिथेच जमत.

आज बहुतेक हौद बुजले किंवा इमारतींखाली गेले, नावे तेवढी राहिली. काही उच्छ्वास अजून उभे आहेत. गल्लीत विनाकारण उभा वाटणारा, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला जुना खांब दिसला तर तो बहुधा उच्छ्वास. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद जरूर पाहा. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली लहानगी मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सर्व जातींसाठी खुला ठेवला. ज्या काळात पाण्यावरून माणसाला माणूस दूर सारत होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्याआधी १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. पेठांतल्या पाण्याचा इतिहास या दोन हौदांशिवाय पुरा होत नाही.

फुले दांपत्याशी निगडित ठिकाणे पायी एका फेरीत पाहता येतील का?
— शिक्षिका, सातारा

येतील. मंडई मेट्रो स्थानकावर उतरा आणि सुरुवात मंडईपासूनच करा. आठ बाजू आणि मध्ये उंच मनोरा असलेली ही दगडी इमारत १८८६मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या मंडईवर होणाऱ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच वास्तूला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. सकाळी सात ते नऊ या वेळात भाजीचा ताजा माल आणि वरचे छत दोन्ही पाहता येते. आवारातला लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४चा, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

तिथून शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपतीकडे चला, दहा मिनिटे. समोर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. मोडकळीला आलेला मूळ वाडा दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर २०२३मध्ये पाडण्यात आला आणि जागा राष्ट्रीय स्मारकासाठी घेण्यात आली. वाडा बघायला मिळेल असे मुलींना सांगून आणू नका, त्यांची निराशा होईल. जागा दाखवा आणि इथून अंगावर शेण झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई त्यांना समजावून सांगा.

शेवटचा टप्पा गंज पेठेतला फुलेवाडा, म्हणजे समताभूमी. गंज पेठेचे आजचे नाव महात्मा फुले पेठ. चालत वीस-पंचवीस मिनिटे लागतात, ऊन असेल तर रिक्षा करा. घर साधे आहे. खुला केलेला हौद, जोतीरावांची समाधी आणि तिच्यावरचे तुळशीवृंदावन तिथेच आहे. एका वर्गाची मुले असतील तर अर्ध्या-अर्ध्या तुकडीने आत न्या, खोल्या लहान आहेत.

गणेशोत्सवात यावे की टाळावे?
— इंदूर

देखावे आणि मिरवणूक पाहायची असेल तरच या. त्या दिवसांत संध्याकाळी मध्यवर्ती रस्ते वाहनांना बंद असतात आणि वाडे, देवळे, कोरीवकाम मांडवांमागे झाकले जाते. वास्तू पाहायच्या असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. अंगारकीला दगडूशेठचा परिसर पूर्ण टाळा. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते. ते पाहायला मुद्दाम यावे, पण पायी आणि हलक्या पिशवीने. लक्ष्मी रस्त्यावरची अनेक दुकाने सोमवारी बंद असतात आणि काही दुकाने दुपारी एक ते चारही बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

गाडी कुठे लावावी?
— अहिल्यानगर

पेठांत आणूच नका. गाडी बाहेर लावा आणि मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर या.

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचे तळघर कधी पाहता येते? आणि भिंतीवरच्या गेंड्याचे कोडे काय आहे?
— रत्नागिरी

तळघरात पाणी असते. एरवी ते बंद असते आणि गुरुपौर्णिमेला खुले करतात. त्या दिवशी रांग लागते, सकाळी लवकर पोचा. खाली ओलसर असते, लहान मुले आणि वृद्ध यांना उतरवू नका.

देऊळ नागझरीच्या काठचे, काळ्या दगडाचे. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ ते १७७० या काळात ते बांधले. मूर्ती तीन सोंडांची, सहा हातांची आणि मोरावर बसलेली. उंदरावर नव्हे, हे मुलांना आधी न सांगता त्यांनाच ओळखू द्या. गाभाऱ्यापाशी संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. एका गणेशमंदिरात फारसी लेख आहे, यावरून त्या काळच्या पुण्याची भाषा कशी मिसळलेली होती ते कळते.

गेंडा दर्शनी भिंतीवर आहे, दरवाजाच्या बाजूला. साखळदंडाने बांधलेला आणि त्याच्याभोवती टोप्या घातलेले, हत्यारबंद गोरे शिपाई. पुण्याच्या रानात गेंडा नाही, तो बंगाल-आसामकडचा प्राणी. म्हणून काही अभ्यासक हे शिल्प प्लासीच्या १७५७च्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल बांधून घेतला, त्याचे चित्र मानतात. इतर मराठी देवळांत असे शिल्प सहसा भेटत नाही. सकाळी नऊच्या सुमारास तिरपे ऊन भिंतीवर पडले की साखळीचे दुवे वेगळे दिसतात, दुपारच्या उन्हात सगळे सपाट होते. चौथऱ्यावर चढून बोट लावून पाहू नका. घामट हातांनी दगडाच्या कडा झिजतात, आणि त्या गेंड्याचे शिंग आधीच बोथट झाले आहे.